आधी कमांड, मग केबल: स्विचवरचं लिंक ॲग्रिगेशन आणि ब्रॉडकास्टची वाट

देवगडच्या बाजूला आंब्याचं एखादं प्रक्रिया युनिट डोळ्यांसमोर आणा. वर जांभ्याच्या भिंतींचं ऑफिस, खाली दीडशे मीटरवर पॅकिंगची शेड. दोन्हीकडे चोवीस पोर्टचा एकेक मॅनेज्ड स्विच आणि मध्ये एक फायबर. एप्रिल-मे महिन्यात शेडमधले कॅमेरे, वजनकाटे, बिलिंगचे पीसी असं सगळं एकदम चालू होतं आणि ती एक गिगाबिटची वाट अपुरी पडते. फायबरचे आणखी दोन कोर रिकामेच असतात. मग कोणीतरी म्हणतं, "दुसरी केबल पण लावून टाका, डबल स्पीड मिळेल."

नुसती लावून टाकली तर स्पीड डबल होत नाही. नेटवर्क चुकीचं बसलेलं असेल तर ते पूर्ण बंद पडतं. त्यासाठी दोन्ही केबल बांधून त्यांची एकच वाट करावी लागते, हेच लिंक ॲग्रिगेशन. ते का लागतं याचं कारण ब्रॉडकास्टमध्ये आहे, म्हणून दोन्ही विषय एकत्रच समजून घेऊ. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, स्विचवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. उदाहरणं सिस्कोच्या धाटणीची आहेत, कारण बाकी बऱ्याच कंपन्यांच्या कमांड तिच्याच वळणाने जातात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी

शेडमधल्या पीसीला ऑफिसच्या सर्व्हरशी बोलायचं आहे. त्याला सर्व्हरचा आयपी माहीत असतो, पण मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, माहीत नसतो. म्हणून तो दवंडी पिटतो: "१९२.१६८.१०.५ कोणाकडे आहे?" हीच एआरपीची विचारणा. तिच्यावर पत्ता लिहिलेला असतो एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ, म्हणजे 'सगळ्यांसाठी'. असा पत्ता दिसला की स्विचचा नियम एकच असतो. फ्रेम, म्हणजे माहितीचं पाकीट, ज्या पोर्टवरून आली तो सोडून, त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवर पाडलेल्या त्याच गटातल्या) बाकी प्रत्येक पोर्टवर तिची प्रत पाठवायची. आयपी मागणारी डीएचसीपीची पहिली हाकही अशीच जाते.

आता ऑफिस आणि शेड यांच्यात दोन केबल लावल्या, पण 'या दोन्ही मिळून एक' असं स्विचला सांगितलं नाही आणि लूप (न संपणारा फेरा) टाळणारी स्पॅनिंग ट्रीही बंद आहे असं धरा. ऑफिसच्या पीसीची दवंडी दोन्ही केबलवरून शेडमध्ये गेली. पहिलीवरून आलेली प्रत शेडच्या स्विचने दुसरीवरून परत पाठवली आणि दुसरीवरून आलेली पहिलीवरून. ऑफिसने पुन्हा तेच केलं. दोन प्रती उलट-सुलट दिशांनी फिरत राहिल्या. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल (उरलेल्या टप्प्यांचा आकडा) असतो, तो शून्यावर आला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेममध्ये असं काहीच नाही, त्यामुळे या प्रती आपणहून कधीच थांबत नाहीत. प्रत्येक नव्या दवंडीबरोबर आणखी दोन वाढतात. तीन केबल असतील तर प्रकरण त्याहून वाईट, कारण आलेल्या प्रत्येक प्रतीच्या दर फेरीला दोन होतात.

सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या पुढची-मागची जागा धरून ८४ बाइट होतात. या हिशेबाने एक गिगाबिटच्या लिंकवर सेकंदाला साधारण १४ लाख ८८ हजार फ्रेम मावतात आणि दवंड्यांच्या अशा वादळात लिंक तेवढी भरतेही. व्हीलॅनमधल्या प्रत्येक पीसीला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला ती प्रत्येक फ्रेम उघडून बघावी लागते. सगळ्या पोर्टचे दिवे एकाच तालात लखलखायला लागले की ओळखायचं, लूप झाला.

हे रोखण्यासाठीच स्पॅनिंग ट्री आहे. १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी ती रचली आणि १९९० साली ८०२.१डी या नावाने ती मानकात आली. दोन वाटा दिसल्या की ती एक बंद ठेवते. लूप टळतो, पण मग दुसरी केबल नुसती राखीव पडून राहते. दोन्ही वापरायच्या असतील तर त्या एकत्र बांधाव्याच लागतात.

बांधलं की काय बदलतं

बंडल केलं की स्विचच्या दृष्टीने पोर्ट २५ आणि २६ (चोवीसच्या पुढचे, फायबर लावायचे पोर्ट) वेगळे उरत नाहीत, 'पोर्ट-चॅनेल १' असा एकच पोर्ट होतो. मग दवंडीचा तोच नियम आपोआप नीट बसतो. बाहेर जाणारी एकच प्रत निघते, दोनपैकी एका केबलवरून. २५ वर आलेली प्रत २६ वरून परत जात नाही, कारण ज्या पोर्टवरून आली त्यावर परत पाठवायची नसते आणि आता तो पोर्ट एकच आहे. स्पॅनिंग ट्रीलाही एकच वाट दिसते, त्यामुळे ती काही बंद करत नाही.

हे सगळं खरं ठरतं ते दोन्ही टोकांनी तसं मानलं तरच. म्हणून दोन्ही टोकांनी एकमेकांना विचारून खात्री करण्याची भाषा ठरली, ती एलएसीपी. २००० साली ती ८०२.३एडी मध्ये आली आणि २००८ पासून तिचा मुक्काम ८०२.१एएक्स मध्ये आहे. दोन्ही स्विच प्रत्येक केबलवरून आपली ओळख पाठवत राहतात. समोरून तीच ओळख सगळ्या केबलवर आली तरच बंडल बनतं.

सिस्कोवर मोड असे आहेत. 'ॲक्टिव्ह' स्वतःहून विचारतो. 'पॅसिव्ह' विचारलं तर उत्तर देतो. 'ऑन' ना विचारतो ना ऐकतो, बंडल आहेच असं गृहीत धरतो. ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह जमतं, ॲक्टिव्ह-पॅसिव्हही जमतं. पॅसिव्ह-पॅसिव्हमध्ये दोघेही वाट बघत बसतात. दोन्हीकडे ॲक्टिव्हच ठेवा. 'ऑन' फक्त तेव्हा, जेव्हा समोरच्या उपकरणाला एलएसीपी येतच नाही.

'ऑन' मुळे नेमकं काय बिघडतं

हा बिघाड नीट पाहण्यासारखा आहे, कारण यात नेटवर्क पूर्ण बंद पडत नाही, 'कधी चालतं, कधी नाही' असं होतं आणि शोधणारा दोन-दोन दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो.

ऑफिसच्या स्विचवर दोन्ही पोर्ट 'ऑन' आहेत, शेडच्या स्विचवर ते सुटे आहेत. ऑफिसमधला पोर्ट ७ वरचा पीसी दवंडी देतो. ऑफिसचा स्विच बंडल समजून ती फक्त २५ वरून पाठवतो. शेडच्या स्विचला बंडल माहीतच नाही, म्हणून तो ती बाकी सगळ्या पोर्टवर पाठवतो, त्यात २६ सुद्धा आलाच. दवंडी ऑफिसमध्ये परत येते. ऑफिसच्या स्विचने आत्ताच लिहून ठेवलं होतं की हा पीसी पोर्ट ७ वर आहे. आता त्याच पीसीचा पत्ता घेऊन फ्रेम बंडलवरून आली. तो पत्त्यांच्या तक्त्यातली जुनी नोंद खोडतो आणि लिहितो: पीसी शेडच्या बाजूला आहे.

पुढच्या क्षणी ऑफिसमधलाच प्रिंटर त्या पीसीला उत्तर देतो. पीसी शेजारच्या टेबलावर आहे, पण स्विच उत्तर शेडकडे धाडतो. तिथून ते परत येत नाही, वाटेतच टाकलं जातं. पीसी पुन्हा काही बोलला की तक्ता दुरुस्त होतो आणि काम सुरू होतं, पुढच्या दवंडीपर्यंत.

ऑफिसचा स्विच रूट, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा मुख्य स्विच, असेल तर स्पॅनिंग ट्री चालू असूनही शेडच्या बाजूला हे पकडलं जात नाही. ऑफिस आपला बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचा निरोप) बंडलमधल्या एकाच केबलवरून पाठवतो, त्यामुळे शेडला दुसऱ्या केबलवर रूटची चाहूलच लागत नाही आणि ती केबल तो उघडी ठेवतो. सिस्कोवर 'स्पॅनिंग-ट्री इथरचॅनेल गार्ड मिसकॉन्फिग' हा पहारा मुळातच चालू असतो. त्याला समोरच्या बीपीडीयूंमधला घोळ दिसला की तो पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे चुकीमुळे बंद, करतो. तो बंद करू नका. लॉगमध्ये 'मॅकफ्लॅप' दिसायला लागलं की पहिला संशय याच गोष्टीवर घ्यायचा. 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' दोन-तीन वेळा मारून तोच पत्ता दोन पोर्टवर उड्या मारतोय का ते बघायचं.

बांधायचा क्रम

दुसरी केबल अजून लावलेली नाही, असं धरून सुरुवात करा. आधीच लावली असेल तर काढा. शेडच्या स्विचवर ऑफिसमधून रिमोटने लॉगिन करून हे काम करू नका. ज्या फांदीवर बसलात तीच तुटते. कन्सोल केबल घेऊन शेडमध्ये जा, स्पीड ९६००.

दोन्ही पोर्ट सगळ्या बाबतीत सारखे हवेत: वेग, डुप्लेक्स, ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचा) की ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा), कोणते व्हीलॅन, नेटिव्ह (खूण न लावता जाणारा) व्हीलॅन कोणता. जुने अवशेष शोधत बसण्यापेक्षा 'डिफॉल्ट इंटरफेस' ने दोन्ही पोर्ट कोरे करून घेतलेले बरे. मग दोन्ही स्विचवर हेच:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/२५ - २६
शटडाउन
चॅनेल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह
एक्झिट
इंटरफेस पोर्ट-चॅनेल १
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०

दोन्ही टोकांना हे लिहून झालं की दुसरी केबल लावा. मग रेंजमध्ये परत जाऊन 'नो शटडाउन'.

त्यानंतर 'शो इथरचॅनेल समरी'. पोर्ट-चॅनेलपुढे मोठे 'एस' आणि 'यू' हवेत, म्हणजे लेअर २ आणि वापरात. दोन्ही पोर्टपुढे 'पी' हवा, म्हणजे बांधलेला. छोटा 'एस' दिसला तर पोर्ट निलंबित आहे, बहुतेक वेळा सेटिंग जुळत नसल्यामुळे. 'आय' म्हणजे पोर्ट एकटा पडला, समोरून एलएसीपी येतच नाही. 'डी' म्हणजे लिंकच नाही. समोर खरंच कोण आहे ते 'शो एलएसीपी नेबर' सांगतं.

यापुढे व्हीलॅनचे सगळे बदल पोर्ट-चॅनेलवरच करायचे. एकाच सदस्य पोर्टवर बदल केला तर तो बाकीच्यांशी जुळत नाही आणि बाहेर फेकला जातो. आणि नवा व्हीलॅन वाढवताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' असंच लिहा. 'ॲड' विसरलात तर जुनी यादी पुसली जाते आणि फक्त ३० उरतो. या एका शब्दापायी अख्खी इमारत बंद पडलेली असते.

दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर 'ट्रंक' या शब्दाला जपा. सिस्कोवर ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात ट्रंक म्हणजे चक्क बंडल. तिथे 'ट्रंक २५-२६ टीआरके१ एलएसीपी' लिहिलं की बंडल तयार होतं, पण त्या पोर्टचे जुने व्हीलॅन सुटतात. प्रत्येक व्हीलॅनमध्ये जाऊन 'टॅग्ड टीआरके१' पुन्हा लिहावं लागतं. कॉमवेअर या प्रणालीवर चालणाऱ्या स्विचमध्ये 'इंटरफेस ब्रिज-ॲग्रिगेशन १' बनवलं की ते मुळात स्टॅटिक असतं, म्हणजे सिस्कोच्या 'ऑन' सारखं. त्यात 'लिंक-ॲग्रिगेशन मोड डायनॅमिक' लिहिल्याशिवाय एलएसीपी सुरू होत नाही.

डबल स्पीड का दिसत नाही

दाभोळच्या खाडीवर धोपाव्याकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी एकाऐवजी दोन फेरीबोटी सोडल्या तर रांग लवकर सरते. पण तुमची गाडी अर्धी या बोटीत आणि अर्धी त्या बोटीत चढत नाही. बंडलचंही तसंच आहे. एका संवादाच्या फ्रेम पुढेमागे होऊ नयेत म्हणून त्या सगळ्या एकाच केबलवरून जातात. एका पीसीवरून एकच मोठी फाइल कॉपी केली तर सेकंदाला ११० ते ११८ मेगाबाइटच्या आसपासच वेग मिळेल, केबल दोन असोत की आठ.

कोणता संवाद कोणत्या केबलवरून जायचा हे हॅश, म्हणजे पत्त्यांवरून केलेला एक ठरावीक हिशेब, ठरवतो. दोन केबल असतील तर सोप्या रूपात पत्त्याचा शेवटचा बिट पुरतो. दोन पत्त्यांवर हॅश असेल तर दोन्हींचे शेवटचे बिट ताडून बघायचे: सारखे असतील तर पहिली केबल, वेगळे असतील तर दुसरी. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर १९२.१६८.१०.५ वर आहे, तो विषम. कॅमेरा .११ वर, तोही विषम, म्हणून पहिली केबल. कॅमेरा .१२ वर, सम, म्हणून दुसरी. आता कोणी टापटीप म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांना .२०, .२२, .२४ असे सम आकडे दिले तर सगळा व्हिडिओ दुसऱ्या केबलवरच जाईल आणि पहिली रिकामी राहील. प्रत्यक्षातला हिशेब मॉडेलनुसार वेगळा असतो, पण ही गफलत अशीच होते.

सिस्कोच्या अनेक कॅटलिस्ट स्विचवर मुळातला हॅश 'एसआरसी-मॅक', म्हणजे फक्त पाठवणाऱ्याचा मॅक. शेडच्या बाजूला तो ठीक आहे, कारण तिथून पाठवणारे पुष्कळ. ऑफिसच्या बाजूला मात्र शेडकडे जाणारं बहुतेक ट्रॅफिक एकाच सर्व्हरचं किंवा राउटरचं असतं. पाठवणारा एक, म्हणून केबलही एकच. तिथे ग्लोबल मोडमध्ये 'पोर्ट-चॅनेल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-आयपी' लिहा. दोन्ही टोकांचा हॅश सारखा असायलाच हवा असं नाही, प्रत्येक टोक आपण पाठवतो त्यापुरतंच ठरवतं. सध्या काय चालू आहे ते 'शो इथरचॅनेल लोड-बॅलन्स' दाखवतं.

जुन्या कॅटलिस्टमध्ये हॅशचे आठ कप्पे केबलमध्ये वाटले जातात. दोन केबलना चार-चार येतात, तीनना तीन-तीन-दोन. म्हणून केबल दोन, चार किंवा आठ घेतल्या तर वाटणी समान होते.

खारी हवा आणि पावसाळा

किनाऱ्यावर बंडल तुटण्याचं एक कारण घाटावरच्या माणसाला चटकन सुचत नाही. आरजे-४५ (तांब्याच्या नेटवर्क केबलचा कनेक्टर) च्या धातूच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. एका जोडीचा संपर्क गेला की अनेक पोर्ट गपचूप १०० वर उतरतात. लिंकचा दिवा लागलेलाच असतो, पण वेग जुळत नाही म्हणून तो पोर्ट बंडलबाहेर जातो. 'शो इंटरफेसेस स्टेटस' मध्ये वेगाच्या रकान्यात 'ए-१००' दिसलं तर कॉन्फिगला हात लावू नका, आधी कनेक्टर बदला. रिकामे पोर्ट झाकणाने बंद ठेवा आणि रॅक खिडकीसमोर ठेवू नका.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल मुळीच नको. शंभर मीटरची मर्यादा तर आहेच, पण जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज जवळपास कुठे पडली तरी ती केबल दोन्ही टोकांचे पोर्ट घेऊन जाते. फायबरच टाका.

फायबर मीडिया कन्व्हर्टरवर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डबीवर) उतरवलं असेल तर आणखी एक सापळा आहे. मध्ये फायबर तुटलं तरी स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यातली लहान केबल जिवंतच असते. स्विचला वाटतं लिंक चालू आहे. 'ऑन' मोडमध्ये तो अर्धे संवाद कायमचे त्या खड्ड्यात टाकत राहतो. एलएसीपीला हे कळतं, पण मुळात ती ३० सेकंदांनी एकदा विचारते आणि तीन वेळा उत्तर आलं नाही की पोर्ट काढते, म्हणजे दीड मिनिट. स्विचला येत असेल तर दोन्ही टोकांना सदस्य पोर्टवर 'एलएसीपी रेट फास्ट' लिहा. मग दर सेकंदाला विचारणा होते आणि तीन सेकंदांत निकाल लागतो.

दवंडीला बांध घालायचा

बंडल नीट असलं तरी लूप टेबलाखाली होतोच. पाच पोर्टचा साधा स्विच, त्याच्यातली मोकळी लोंबणारी केबल झाडलोट करताना कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचून ठेवतं. म्हणून पीसी-प्रिंटरच्या प्रत्येक पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल' हवंच. आपलाच बीपीडीयू फिरून परत आला की पोर्ट बंद होतो. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, तेव्हा शेवटचा बांध म्हणजे 'स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १.००'. गिगाबिटवर एक टक्का म्हणजे १० मेगाबिट, लहान फ्रेम असतील तर सेकंदाला जवळपास १४,८८० दवंड्या. लहान ऑफिसच्या मानाने हेही खूप झालं. आधी 'शो इंटरफेसेस काउंटर्स' मध्ये रोजचं ब्रॉडकास्ट किती ते पाहा आणि आकडा त्याच्या थोडा वर ठेवा.

पीसीच्या पोर्टवर 'स्टॉर्म-कंट्रोल ॲक्शन शटडाउन' ठेवायला हरकत नाही. पोर्ट-चॅनेलवर मात्र ते ठेवू नका. एका टेबलाखालच्या चुकीसाठी अख्खी शेड तुटेल. तिथे जादा ब्रॉडकास्ट नुसतं टाकून देणं पुरे. बंद झालेले पोर्ट 'शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड' ने सापडतात. आपोआप उघडायचे असतील तर 'एररडिसेबल रिकव्हरी कॉज स्टॉर्म-कंट्रोल', मुळातली वाट ३०० सेकंदांची.

दवंडी एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाही, एका वाडीतली हाक दुसऱ्या वाडीत पोचत नाही तशी. डीएचसीपी सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये आणि कॅमेरे २० मध्ये असतील तर 'इंटरफेस व्हीलॅन २०' खाली 'आयपी हेल्पर-ॲड्रेस १९२.१६८.१०.५' लिहावं लागतं. ही कमांड डीएचसीपीबरोबर टीएफटीपी, डीएनएस, नेटबायोस अशा आणखी काही हाकाही पुढे ढकलते. नको असतील त्या 'नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी' आणि पुढे त्या हाकेचं नाव किंवा पोर्ट नंबर लिहून थांबवा. 'आयपी डायरेक्टेड-ब्रॉडकास्ट' (बाहेरून आत दवंडी पाठवू देण्याची सोय) बंदच असतो, तो तसाच राहू द्या. बाहेरून एक पॅकेट पाठवून शंभर उत्तरं दुसऱ्याच कोणाच्या माथी मारण्याचे हल्ले त्याच्याच जोरावर व्हायचे.

सगळं जमलं की दोन्ही स्विचवर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. दोन्हींवर. शेडच्या स्विचवर हे राहून गेलं तर कित्येक दिवस काहीच कळत नाही. मग एका रात्री लाइट जाते, यूपीएस संपतो, पहाटे लाइट येते तेव्हा ऑफिसच्या बाजूला बंडल असतं आणि शेडच्या बाजूला सुटे पोर्ट. ऑफिसला 'ॲक्टिव्ह' असेल तर मॉडेलनुसार त्याचे पोर्ट एकटे पडून स्पॅनिंग ट्री एक बंद ठेवते, किंवा दोन्ही निलंबित होऊन शेड तुटते. दोन्ही प्रकार 'शो इथरचॅनेल समरी' मध्ये लगेच दिसतात. 'ऑन' असेल तर त्या समरीत दोन्ही पोर्टपुढे 'पी' दिसू शकतो आणि प्रिंटर मात्र कधी चालतो, कधी नाही.